फौंड्रीत पर्यावरण सांभाळून पैसा नेमका कुठे उरतो? (सोलर शेवटी बोलू)

भट्टीवाला

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित... कोल्हापूर पट्ट्यातल्या फौंड्र्यांकडे (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांकडे) मोठ्या गिऱ्हाइकांचे 'सस्टेनेबिलिटी'चे फॉर्म यायला लागलेत. फॉर्म आला की ठरलेली दोन कामं होतात. मालक सोलरवाल्याला फोन लावतो आणि गेटजवळ पाच झाडं लावून फोटो काढले जातात. झाडांबद्दल तक्रार नाही. पण फौंड्रीचं सगळ्यात मोठं प्रदूषण आणि सगळ्यात मोठा तोटा एकाच ठिकाणी असतो: जो धातू वितळवला पण गाडीत भरून गेला नाही तो.

गणित मांडतो. समजा महिन्याला २०० टन चांगलं ग्रे आयर्न (बिडाचं) कास्टिंग बाहेर जातं. बॉक्स यील्ड ६० टक्के (म्हणजे ओतलेल्या १०० किलोत ६० किलो कास्टिंग, बाकी रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटा आणि माल आकसताना धातू पुरवणारे साठे) आणि रिजेक्शन ८ टक्के. तर एक टन चांगल्या मालासाठी १ ÷ (०.६० × ०.९२) = १.८१ टन धातू वितळवावा लागतो. यील्ड ६५ वर नेलं आणि रिजेक्शन ४ वर आणलं की तोच आकडा १.६० होतो. फरक ०.२१ टन. भट्टी टनाला ६२० युनिट खात असेल तर टनामागे १३० युनिट, महिन्याला जवळजवळ २६,००० युनिट. वीज ९ रुपयांनी धरली तर २ लाख ३३ हजार रुपये. शिवाय ४२ टन धातू कमी वितळला, म्हणजे त्यातला तीनेक टक्के जळून स्लॅगमध्ये (मळीत) जाणारा भाग वाचला, तो सव्वा टन. वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), अस्तर, मजुरी मी यात धरलेलीच नाही.

आता तुलना. आपल्याकडे १०० किलोवॉटचं सोलर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार युनिट देतं. म्हणजे वरची बचत सव्वादोनशे किलोवॉटच्या सोलरइतकी, आणि छपरावर एक पॅनेल न चढवता.

धागा यासाठी: कुठलं काम आधी, त्यात काय बिघडतं, किती सुटतं. आकड्यांसकट लिहा.

शिरोलीकर

गणित पटलं. पण ६२० युनिट हा आकडा बहुतेकांना माहीतच नसतो. महिन्याचं बिल भागिले टन करतात आणि त्यात कंप्रेसर, शॉट ब्लास्ट (माल साफ करणारं यंत्र), ऑफिसचा एसी सगळं येतं.

केव्हीए

म्हणून पहिला खर्च: भट्टीच्या फीडरवर वेगळा एनर्जी मीटर. आणि हीटवार (भट्टीच्या प्रत्येक घाण्याची) लॉगशीट. त्यात सहाच रकाने पुरे: चार्जचं, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालाचं, वजन (काट्यावरचं, अंदाजाने नाही), हीट सुरू आणि टॅप झाल्याची (धातू बाहेर काढल्याची) वेळ, मीटरचे दोन आकडे, टॅपिंगचं तापमान, धातू तयार होऊन किती मिनिटं थांबला, आणि का थांबला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो.

लोखंड १५०० डिग्रीपर्यंत न्यायला शास्त्राप्रमाणे टनाला ३९० युनिटच्या आसपास लागतात. चांगली चालवलेली इंडक्शन भट्टी ५२० ते ५५० मध्ये बसते. ६२० असेल तर त्यातले पन्नासेक युनिट नवी भट्टी न घेता सुटतात. कुठून ते सांगतो, १ टनाची भट्टी धरून.

झाकण आणि थांबणं. १४५० डिग्रीच्या उघड्या धातूतून दर चौरस मीटरला काही शे किलोवॉट उष्णता नुसती वर जाते. भट्टीचं तोंड ६० सेंटिमीटर धरलं तर अंदाजे ७० किलोवॉट. मोल्ड (वाळूचे साचे) तयार नाहीत म्हणून धातू वीस मिनिटं उघडा थांबला की २३ युनिट गेले. झाकण लावल्याने त्यातले बरेचसे वाचतात, पण मूळ रोग भट्टीत नाही, मोल्डिंगमध्ये आहे. भट्टी आणि मोल्डिंगचं वेळापत्रक एकाच फळ्यावर लिहा.

जादा तापमान. द्रव लोखंड एक डिग्री चढवायला टनाला ०.२३ युनिट. १४३० पुरत असताना १४८० ला टॅप केलं की १२ युनिट, भट्टीची कार्यक्षमता धरून १६-१७. असं का करतात? कारण लेडल (धातू वाहून नेण्याचं भांडं) थंड असतो. लेडल गॅस बर्नरने लाल करून घेतला तर वाटेत पडणारं तापमान कमी होतं आणि वरची 'सुरक्षा' लागत नाही. इमर्शन थर्मोकपलची टिप महाग वाटते म्हणून डोळ्याने तापमान बघणं, हे स्वस्तातलं महागडं काम.

रिटर्नवरची वाळू. रनर-रायझर नॉकआऊटवरून (साचा फोडण्याच्या जागेवरून) थेट भट्टीत जातात. त्यांच्यावर वजनाच्या ३ टक्के वाळू चिकटलेली असेल आणि चार्जमध्ये ४० टक्के रिटर्न असतील तर टनामागे १२ किलो वाळू आपण विजेवर वितळवतो, सात-आठ युनिट देऊन. वर तिचा स्लॅग काढायला झाकण उघडं. रिटर्न टंबलिंग बॅरलमधून किंवा शॉट ब्लास्टमधून काढून मगच चार्ज करा.

२३ + १७ + ८, झाले ४८.

मोल्डिंगलाईन

केव्हीए, एक सावधगिरीची सूचना. तापमान कमी करण्याचा आदेश वरून आला की पातळ सेक्शनच्या मालात कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याच्या भेगा) येतात, आणि १७ युनिट वाचवायला गेलेला माणूस १,००० युनिटचा माल भंगारात टाकतो. तापमान पार्टप्रमाणे ठरवायचं. जाड हाउसिंगला वेगळं, ५ मिलिमीटर भिंतीच्या कव्हरला वेगळं. आणि टॅपिंगचं नाही, शेवटचा बॉक्स ओतताना लेडलमध्ये किती उरलंय ते मोजायचं. शेवटच्या बॉक्सला पुरत असेल तर पहिल्याला पुरतंच.

रिजेक्शनचं सांगतो. 'रिजेक्शन ८ टक्के' या वाक्याचा काही उपयोग नाही. पार्टनंबर × दोष असा तक्ता काढा, महिन्याचा. बहुतेक वेळा चार-पाच पार्ट आणि दोन-तीन दोष मिळून अर्ध्याहून जास्त रिजेक्शन देतात. मग:

ब्लो होल (मालात वायूची भोकं): वाळूत ओल जास्त, व्हेंट कमी, किंवा कोअर (मालात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) कच्चा भाजलेला. आधी ओल आणि कोअर बघा, नंतर व्हेंट.

सँड इन्क्लुजन (मालात अडकलेली वाळू): मोल्ड बंद करताना कडा खरवडल्या, गेटमध्ये धातूचा वेग जास्त, किंवा वाळू सुकी पडली. उन्हाळ्यात भरलेले मोल्ड दोन-तीन तास उभे राहिले की कडा भुसभुशीत होतात. इथे परत केव्हीएंचा तोच फळा.

श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी): याला बहुतेकजण मोठा रायझर लावून उत्तर देतात, आणि यील्ड तिथेच मरतं. एक्झोथर्मिक किंवा इन्सुलेटिंग स्लीव्ह (रायझर गरम ठेवणारी नळी) घातला तर रायझरचं वजन बरंच कमी होतं. स्लीव्हचा खर्च डोळ्यांना दिसतो, रायझर परत वितळवण्याचा खर्च बिलात लपतो, म्हणून स्लीव्ह नाकारला जातो. दर पार्टला एकदा कागदावर मांडा: रायझर किती किलोने कमी × (वीज + जळणारा धातू + मोल्डिंग) विरुद्ध स्लीव्हची किंमत. सगळीकडे स्लीव्ह जिंकत नाही. लहान मालात अनेकदा हरतो.

कोअर सरकणं: कोअर प्रिंट (कोअर टेकण्याची जागा) झिजलेलं पॅटर्न (साच्याचा नमुना). पॅटर्न दुरुस्तीचं बजेट कापणं ही सगळ्यात मूर्ख काटकसर.

आणि रिजेक्शन कुठे सापडलं याचा वेगळा रकाना ठेवा. फेटलिंगला (माल घासून साफ करताना) सापडलं तर वीज-मजुरी गेली. गिऱ्हाइकाच्या मशीनशॉपमध्ये सापडलं तर त्यांच्या मशीनिंगची डेबिट नोट वेगळी येते.

वाळूवेडी

वाळूवर कोणीच बोललं नाही, मी बोलते.

ग्रीन सँडमध्ये (माती-पाणी मिसळलेल्या वाळूच्या साच्यांत) एक टन धातूमागे चार ते सहा टन वाळू फिरते. ती फिरते, म्हणून तिचा खर्च जाणवत नाही. जाणवतो तो टाकाऊ ढिगाचा. नियम साधा: जेवढी नवी वाळू आत येते तेवढीच जुनी बाहेर जाते. हॉपरला दुसरी वाट नाही. म्हणजे ढीग कमी करायचा असेल तर डंपरवाल्याशी भाव करू नका, आत येणारी वाळू कमी करा.

आत येते दोन दारांनी. एक, मिक्सरवर टाकलेली नवी वाळू. दुसरं, कोअर. कोअरची वाळू नॉकआऊटला फुटून सिस्टिममध्ये मिसळते आणि हे दार बहुतेकांच्या हिशेबातच नसतं. जड कोअर असलेल्या कामात कोअरमधूनच पुरेशी नवी वाळू येत असते, वर मिक्सरला 'सवयीने' घमेली टाकणं चालूच. त्या घमेल्याला विचारा, कशासाठी?

रोज मोजायचं: ओल (३ ते ४ टक्के), कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबली जाण्याचं प्रमाण, ३८ ते ४५ टक्के), ग्रीन स्ट्रेंग्थ, परमिॲबिलिटी (वायू जाऊ देण्याची क्षमता). आठवड्याला: ॲक्टिव्ह क्ले मेथिलीन ब्लूने, एलओआय (तापवल्यावर जळून जाणारा भाग), चाळणी. बारीक कण वाढले की पाणी जास्त मागतं, पाणी वाढलं की ब्लो होल. उलट धूळ फार ओढून घेतली तर बेंटोनाइट आणि कोल डस्ट उडून जातात आणि तुम्ही पिशव्या ओतत राहता. बॅग फिल्टरच्या धुळीत जिवंत बेंटोनाइट असतं. ते तपासून, ठरलेल्या थोड्या मात्रेत परत मिक्सरला देता येतं. सगळं एकदम ओतलं तर वाळू चिकट होऊन बसते.

गरम वाळू हा वेगळा त्रास. परत आलेली वाळू ५० डिग्रीच्या वर असेल तर मिक्सरमध्ये घातलेलं पाणी मोल्डपर्यंत टिकत नाही, शिवाय थंड पॅटर्नवर वाफ धरून वाळू चिकटते. पॅटर्न स्प्रे मारत बसण्यापेक्षा सँड कूलर, नाहीतर निदान परतीच्या पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा आणि हवा.

नो-बेकवाल्यांचं (रेझिनने घट्ट होणारी वाळू वापरणाऱ्यांचं) वेगळं. त्यांना मेकॅनिकल रिक्लमेशनने (वाळू घासून परत वापरण्याजोगी करून) ८० ते ९० टक्के वाळू परत मिळते. मात्र रेझिनचा थर पूर्ण निघत नाही, एलओआय चढत जातो आणि गॅसचे दोष येतात. थर्मल रिक्लमेशनमध्ये ६५० ते ७५० डिग्रीला रेझिन जळून जातं, वाळू जवळजवळ नव्यासारखी होते, पण गॅसचं बिल येतं. एकट्या लहान फौंड्रीला थर्मल परवडत नाही. पाच-दहा जणांनी मिळून, क्लस्टर योजनेचं अनुदान घेऊन केलं तर जमतं. तेव्हा सगळ्यांचं बाइंडर एकच असलं पाहिजे. सोडियम सिलिकेटची वाळू फिनॉलिकच्या वाळूत मिसळली की दोन्ही वाया.

गोकुळगाववाला

टाकाऊ वाळूचे पेव्हर ब्लॉक करता येतात ना? सरळ विकून टाकायची.

वाळूवेडी

करता येतात, पण 'सरळ' नाही. आधी ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, मग मॅग्नेटखालून. मॅग्नेटवर जे लोखंडाचे मणी आणि चिळका निघतात त्यांनीच चाळणीचा खर्च बराचसा फिटतो. वाळूत बेंटोनाइट आणि कोल डस्ट असल्यामुळे काँक्रीट जास्त पाणी मागतं आणि ताकद उतरते. म्हणून बांधकामाच्या वाळूच्या जागी १० ते २० टक्क्यांपर्यंतच, तेही क्यूब टेस्ट करून. फिनॉलिक रेझिनची वाळू असेल तर आधी लीचिंग तपासणी करून घ्या, नाहीतर फिनॉल पावसाबरोबर विहिरीत. एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात टाकाऊ वाळूची मात्रा आणि विल्हेवाट कशी हे लिहिलेलं असतं. ब्लॉकवाल्याला देताना वजनाची पावती आणि त्याचं पत्र फाइलला लावा. रात्री ओढ्याकाठी रिकामा झालेला डंपर शेवटी तुमच्याच नावावर येतो.

धूळपाटी

धाग्याच्या मथळ्यात फक्त पर्यावरण आहे. माणसं राहिली.

फौंड्रीतली धूळ म्हणजे क्वार्ट्झ. त्यातले जे कण दिसत नाहीत तेच फुप्फुसात खोल जातात. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि फॅक्टरीज ॲक्टच्या काळापासून तो सरकारला कळवण्याजोगा रोग आहे. मर्यादेचं सूत्र: १० ÷ (श्वसनयोग्य धुळीतला क्वार्ट्झ टक्के + २), उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. क्वार्ट्झ १८ टक्के असेल तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. तो आकडा नॉकआऊटजवळ उघड्या शेडमध्ये सहज ओलांडला जातो.

पैसे कुठले मिळतात यात? सांगतो. फेटलर आणि मोल्डर टिकत नाहीत ही आज प्रत्येक फौंड्रीची रड आहे. नवा माणूस हाताला बसेपर्यंत रिजेक्शन वाढतं. मोल्डिंगलाईन यांच्या तक्त्यात 'माणूस किती दिवसांचा' हा रकाना घालून बघा, कोअर सेटिंग आणि मोल्ड बंद करण्याच्या दोषांशी त्याचा संबंध दिसेल.

कामं, स्वस्ताकडून महागाकडे:

झाडू बंद. ओलं करून झाडणं किंवा व्हॅक्यूम. पाळी सुटताना कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं कायमचं बंद, ती सगळ्यात वाईट सवय.

आधी शॉट ब्लास्ट, मग ग्राइंडिंग. क्रम उलटा असला की भाजून चिकटलेली वाळू ग्राइंडरच्या चाकाखाली पीठ होऊन तोंडावर येते. कोअर आणि मोल्डला चांगला वॉश (लेप) लावला तर चिकटतेच कमी, फेटलिंगचा वेळ वाचतो.

मास्क आयएस ९४७३ चा, फडकं नाही. दाढी असेल तर कड बसत नाही, हे स्पष्ट सांगा.

एक्झॉस्ट. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. हूड धुळीपासून लांब, डक्ट वाटेल तसा वळवलेला, आणि मग 'सिस्टिम ओढत नाही'. फौंड्रीच्या जड धुळीला डक्टमध्ये १८ ते २० मीटर प्रति सेकंद वेग लागतो. कमी पडला की आडव्या डक्टमध्ये वाळू बसते, व्यास कमी होतो, आणि एक दिवस डक्ट वजनाने खाली येतो. नंतर कोणीतरी त्याच लाइनवर आणखी दोन हूड जोडतो आणि सगळ्यांचाच वेग जातो. बॅग फिल्टरवर मॅनोमीटर लावा आणि आकडा रोज लिहा. साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाण्याचा दाब ठीक. एकदम खाली आला तर बॅग फाटली, चढतच गेला तर पल्स व्हॉल्व्ह किंवा ओली हवा.

कोअर शॉप विसरू नका, तिथे बायका जास्त. कोल्ड बॉक्स पद्धतीत कोअर घट्ट करणाऱ्या अमाइन वायूने डोळ्यांपुढे निळसर धुकं येतं. त्या डोळ्यांनी कोअरची चीर दिसणार आहे का? गॅसिंगला बंद हूड आणि ॲसिड स्क्रबर हवाच. टेबलाची उंची बदलता येणारी आणि स्वच्छ स्वच्छतागृह, हे दोन खर्च इतके किरकोळ आहेत की त्यावर मीटिंग घ्यायची लाज वाटावी.

वर्षाला स्पायरोमेट्री (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) आणि छातीचा एक्स-रे, ठेक्याच्या माणसांचाही. मजुरी २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) लागू आहेच. मालकाचे ३.२५ टक्के भरायचे आणि माणसाला कार्डच माहीत नाही, असं करू नका.

भट्टीवाला

धूळपाटी, मथळा चुकला हे मान्य. एक जोडतो: ठेकेदाराचा दर. मोल्डिंगचा ठेका 'ओतलेल्या टनावर' असेल तर रिजेक्शन त्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून काहीजण 'चांगल्या टनावर' करतात. मग धातूत गडबड झाली, स्लॅग आला, तरी मोल्डरचेच पैसे कापले जातात आणि महिन्यात चांगले हात शेजारच्या शेडमध्ये. मधला रस्ता: मूळ दर ओतलेल्या टनावर, आणि मोल्डिंगच्या खात्यातल्या दोषांसाठी (सँड ड्रॉप, मिसमॅच, कोअर सरकणं) महिन्याचा बोनस. दोष कुणाच्या खात्यात, हे फेटलिंगच्या टेबलावर मोल्डर समोर असताना ठरवायचं. ऑफिसात नाही.

केव्हीए

सोलर शेवटी म्हणाला होतात, पण त्यातला एक खड्डा आत्ताच सांगतो. त्यात पुष्कळजण पडतात.

महावितरणचं एचटी (उच्चदाब) बिल २०२० पासून केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की तेवढ्याच कामाला जास्त युनिट मोजले जातात. समजा दुपारी लोड ३०० किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.९८. रिॲक्टिव्ह ६१ केव्हीएआर. आता सोलरने २२० किलोवॉट दिले. महावितरणकडून घ्यायचे उरले ८० किलोवॉट, पण रिॲक्टिव्ह ६१ तसेच, कारण इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरला लावलेला. म्हणजे १०० केव्हीए. मीटरला तुमचा पॉवर फॅक्टर दिसतो ०.८०. सोलर लावलं आणि दर युनिटला भुर्दंड वाढला, असं म्हणत लोक फिरतात. उपाय दोन: इन्व्हर्टरकडून रिॲक्टिव्ह घेण्याचं सेटिंग, किंवा एपीएफसीचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलचा) सेन्सिंग सीटी (करंट मोजणारा भाग) योग्य जागी, म्हणजे मेन इनकमरवर हलवणं.

कपॅसिटर वाढवताना सावध. इंडक्शन भट्टीचा सहा पल्स कन्व्हर्टर पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडतो. साधे कपॅसिटर जोडले की रेझोनन्स होऊन ते फुगतात, फुटतात. ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर (१८९ हर्ट्झ) सोबत हवा, आणि कपॅसिटर त्याला पेलणाऱ्या व्होल्टेजचे.

रात्रीच्या स्वस्त विजेवर बांधलेली जुनी गणितंही परत तपासा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सौर तासांत दर निदान २० टक्के कमी आणि संध्याकाळच्या पीकला उद्योगांना निदान १.२ पट. चालू दरपत्रकातले तास बघूनच वितळण्याची पाळी ठरवा.

छपरावर: ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर नको. आणि कपोला (कोकवर चालणारी भट्टी) किंवा बॅग फिल्टरच्या चिमणीच्या वाऱ्याखाली पॅनेल लावले तर धुण्यातच जन्म जाईल.

शिरोलीकर

कंप्रेसर राहिला. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक तीन-साडेतीन किलोवॉट खातं. दोन पाळ्या धरून वर्षाला १६-१७ हजार युनिट, दीड लाख रुपये. चाचणी रविवारी: सगळी हवेची यंत्रं बंद, कंप्रेसर चालू. लोडवर किती वेळ (ट१) आणि अनलोडवर किती (ट२) मोजा. गळती = ट१ ÷ (ट१ + ट२). दीड मिनिट लोड, तीन मिनिटं अनलोड, म्हणजे ३३ टक्के हवा पाइपातूनच गेली. १० च्या आत आणायची. आणि दाब एक बारने उतरवला की वीज सहा-सात टक्के कमी. मोल्डिंग मशीनला खरंच किती बार लागतो ते आधी बघा, सगळे उगाच सातवर ठेवतात.

पुणेरी_खरेदी

फॉर्म पाठवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. फॉर्म येण्याची कारणं दोन, आणि त्यांची सरमिसळ होते.

एक, सेबीचा बीआरएसआर (कंपन्यांचा पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल). २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदणीकृत पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा आहे. पुरवठादारांची माहिती अजून ऐच्छिक असली तरी जिथून खरेदीच्या २ टक्के किंवा जास्त येते त्यांना विचारणा होते. इथे टनामागे युनिट, टनामागे पाणी, टाकाऊ वाळू, अपघात, पीएफ-ईएसआयसी, एवढं नीट दिलं तरी तुम्ही पहिल्या दहात बसता. 'आम्ही पर्यावरणाबाबत कटिबद्ध आहोत' हे वाक्य कोणी वाचत नाही.

दोन, युरोपचा सीबॅम (आयात मालाच्या कार्बनवरचा आकार). १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसता अहवाल, १ जानेवारी २०२६ पासून पैसे. पण सगळ्याच कास्टिंगला नाही. मूळ यादीत सीमाशुल्काचे (एचएस) कोड ७३०३ (कास्ट आयर्न पाइप), ७३०७ (फिटिंग), ७३२६ (लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू) आहेत, ७३२५ (इतर ओतीव वस्तू) नाही. यादी वाढवायचं चालू असतं, त्यामुळे एचएस कोड दरवर्षी तपासा. लोखंड-पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात. म्हणजे कपोल्यातला कोक मोजला जातो, इंडक्शनची वीज नाही. स्क्रॅपचं उत्सर्जन शून्य, पण पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) घेतलं तर त्याच्या ब्लास्ट फर्नेसचा भार तुमच्या मालावर चढतो. चार्जमध्ये पिग कमी करून स्टील स्क्रॅप + कार्बुरायझर (कार्बनची भर) वाढवला तर कागदावर कार्बन एकदम उतरतो.

मोल्डिंगलाईन

कागदावर उतरतो, मान्य. पण पिग एकदम काढला तर चिल (कठीण पांढरा थर) येतो आणि मशीनशॉप शिव्या घालतं. स्टील स्क्रॅपमधून मँगनीज, क्रोम येतात. कार्बुरायझर स्वस्तातला घेतला तर सल्फर आणि नायट्रोजन. टप्प्याटप्प्याने पाच-पाच टक्के, दर वेळी वेज चिल टेस्ट, आणि इनॉक्युलेशन (चिल टाळणारी भर) ओतताना. कार्बुरायझर चार्जच्या तळाशी-मध्ये टाका, वरून स्लॅगवर टाकला तर निम्मा जळतो.

गोकुळगाववाला

खरेदीवाले आलेच आहेत तर विचारतो. फॉर्म सव्वाशे प्रश्नांचा, पेमेंट १२० दिवसांनी. सामाजिक जबाबदारीच्या रकान्यात हे कुठे बसतं?

पुणेरी_खरेदी

बसत नाही, बसायला हवं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) उशिरा दिलेली रक्कम आमच्या खर्चात त्या वर्षी धरता येत नाही. उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा. मार्चमध्ये आमचा अकाउंट्सवाला स्वतः फोन करेल.

कोकवाला

कपोला अजून चालवणाऱ्यांसाठी. सगळ्यांना इंडक्शनची डिमांड आणि भांडवल परवडत नाही. डिव्हायडेड ब्लास्ट कपोला हा मधला मार्ग जुना आणि पक्का आहे. टेरीने १९९८ मध्ये हावड्यात करून दाखवला होता. टुयरच्या (हवा आत सोडणाऱ्या तोंडांच्या) दोन ओळी साधारण मीटरभर अंतराने, दोन्हींना वेगळा व्हॉल्व्ह आणि हवा जवळपास निम्मी-निम्मी. कोक २५ ते ३० टक्के कमी, टॅपिंग तापमान पन्नासेक डिग्रीने जास्त. चुकतं कुठे? ब्लोअर जुनाच ठेवतात, दाब कमी पडतो. बेड कोकची उंची वरच्या ओळीच्या हिशेबाने वाढवत नाहीत. आणि कोक वजन न करता टोपल्यांनी टाकतात, मग २५ टक्के वाचले की नाही ते कळणार कसं.

लेखाजोखा

क्रम लावायचा तर पैशाच्या दृष्टीने असा लावेन. पहिले दोन महिने फक्त मीटर, काटा, लॉगशीट आणि दोषांचा तक्ता. मग बिनपैशाचं: गळती, झाकण, रिटर्नची सफाई, वेळापत्रक. त्यातून आलेल्या पैशात पॅटर्न दुरुस्ती, स्लीव्ह, एक्झॉस्टचे हूड. मोटर, कंप्रेसर, नवी भट्टी कर्जावर. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०२५ च्या योजनेत सूक्ष्म-लघुला व्याजात ५ टक्के, मध्यमला ३ टक्के सवलत आहे, पण आधीचा-नंतरचा वीजवापर मोजून दाखवावा लागतो. म्हणून परत मीटर आधी. यील्ड आणि रिजेक्शन सुधारण्याआधी मोठी भट्टी किंवा मोठं सोलर घेतलं तर ते कायमचं मोठंच घेतलेलं राहतं.

शिरोलीकर

जून तोंडावर आहे म्हणून एक सुटा प्रश्न. स्क्रॅपवर शेड घालणं कितपत फायद्याचं?

केव्हीए

फायद्याचा प्रश्न नंतर. ओलं किंवा बंद पोकळीत पाणी साचलेलं स्क्रॅप द्रव धातूत बुडालं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू भट्टीबाहेर उडतो. भट्टीवर उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. पोकळ पाइप, बंद डबे, शॉक ॲब्झॉर्बर कापून-उघडून मगच घ्यायचे, बारा महिने. शेडचं म्हणाल तर गंजही कमी. गंज म्हणजे विकत घेतलेलं लोखंड जे स्लॅगमध्ये जातं. चार पत्रे, काँक्रीटचा उताराचा कोबा, आणि निदान दोन दिवसांचा चार्ज पावसाबाहेर. रायझर-रनरचा ढीगही त्याच शेडखाली, तो नेहमी बाहेर राहतो.